जोडीचा नियम

१९ फेब्रुवारी

भाऊजींनी केबिनमध्ये बोलावलं. केबिन आमच्या यांची, खुर्ची यांची, भिंतीवरचा फोटोही यांचाच. हे जाऊन तीन वर्षं होत आली आणि आता फोटोखाली धाकटा भाऊ बसतो. "बसा ना वहिनी," म्हणाले, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट सांगायचंय. एरवी हा माणूस मला उभ्याउभ्याच वाटेला लावतो.

सांगायचं होतं ते असं — चालत्या सहली, म्हणजे माझ्या पायी फिरायच्या, बंद करायच्या म्हणतात. बसच्या सहली बऱ्या. माणसं चढतात, उतरतात, फोटो काढतात, परत चढतात. कुणाचा पाय मुरगळत नाही. मागच्या वर्षी माझ्या सहलीतून दोन तक्रारी आल्या. एक, नाश्ता थंड होता. दुसरी, डोंगर फार चढाचा निघाला! आता डोंगर काय मी बांधला होता?

"मे महिन्यातली परदेशची तेवढी करा. पण एक जरी तक्रार आली ना वहिनी, तर माझाही नाइलाज आहे."

भाऊजींचा नाइलाज मी चांगला ओळखून आहे. त्यांच्या सूनबाईंना टेबल हवंय, आणि माझं टेबल खिडकीशी आहे.

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, सोड ना आता ते. किती दिवस लोकांच्या मागे मागे फिरणार आहेस?" मी म्हटलं, मागे नाही गं, आता पुढे चालते मी. तिला त्यातला फरक कळला नाही. तिच्या बापालाही कळला नसता.

सासऱ्यांनी ही कंपनी काढली ती बसच्या तिकिटांवर. चालत्या सहली आम्ही दोघांनी सुरू केल्या. दोघांनी म्हणजे, कल्पना माझी, नाव यांचं. आधी एखादं जुनं शहर, संग्रहालय, तिथलं गाणं-नाटक. आणि नंतर चार-पाच दिवस डोंगरातून पायी, एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर. लोक यांना डोंगरवेडे म्हणायचे. मी फक्त "वहिनी पण येतात".

ही शेवटची असेल तर असू दे. पण मी स्वतःहून टेबल सोडणार नाही. मे महिन्याची सहल अशी करीन की नाव ठेवायला जागा राहणार नाही.

३ मार्च

मार्ग पक्का केला. आधी जाऊन एकदा वाट चालून बघायची परवानगी मागितली. यांना कधी मागावी लागली नव्हती. भाऊजी म्हणाले, "इंटरनेटवर सगळं दिसतं वहिनी." दिसतं. वारा किती असतो ते दिसत नाही. तिथल्या वाटाड्याला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं — वाट चांगली आहे, दुपारनंतर ढग येतात, तुम्ही लवकर उठा. माणूस कामाचा वाटतो.

९ मार्च

ग्रुपची पहिली बैठक. मंडळी बरी आहेत. एक दातांची डॉक्टर, एकटीच, कमी बोलते. दोन शाळूसोबतिणी आहेत, दोघींच्या टोप्या सारख्या, पर्स सारखी. मी त्यांना मनातल्या मनात जुळ्या म्हणायला लागले. एक प्राध्यापक, त्यांना सगळ्या इमारतींची सालं पाठ. बाकीचे नेहमीचे. आयुष्यभर खुर्चीत बसून निवृत्त झालेले आणि आता एकदम तब्येत कमवायला निघालेले.

आणि एक सूचनापेटी! मोठे अधिकारी होते म्हणे. कुठल्या खात्यात ते त्यांनी सविस्तर सांगितलं आणि मी लगेच विसरले. पूर्वी एकदा यांच्याबरोबर आले होते. घड्याळ बघून म्हणाले, "साहेब असते तर बैठक वेळेवर सुरू झाली असती." मग सूचनांना तोंड फुटलं. खोली खालच्या मजल्यावर हवी, पण रस्त्याच्या बाजूला नको. नाश्ता लवकर हवा, पण घाई नको. शेजारी बायको बसली होती. ओळख करून दिली ती अशी — "ही माझी मिसेस." नाव नाही, काही नाही. मिसेस!

मी मुद्दाम तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला चालायचा सराव आहे?"

"माझ्याबरोबर चालते ना रोज," सूचनापेटी.

"गुडघ्याबिडघ्यांचा काही त्रास?"

"तिला कसला त्रास! मला आहे, उजव्यात थोडा."

"आपापलं पाणी, औषधं आपापली उचलायची बरं का."

"अहो, माझंही तीच उचलते!" आणि हसले. दोन-चार जण त्यांच्याबरोबर हसले. मिसेसही हसली.

मला सूचनापेटीपेक्षा तिचाच राग आला. का आला तेही माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मीही अशा विनोदांना अशीच हसत आलेय.

१० मार्च

काल बैठकीत जोड्या पाडल्या. हा यांचा नियम. यांचं म्हणणं असायचं, डोकी मोजू नका. मोजताना वाटाड्याही मोजला जातो आणि शेजारून चाललेला परका माणूसही, आणि आकडा बरोबर येतो. त्यापेक्षा प्रत्येकाला एक जोडीदार द्यायचा. विसावा झाला की पुढाऱ्याने ओरडायचं, "जोड्या!" ज्याला आपला जोडीदार डोळ्यांनी दिसतोय त्याने उत्तर द्यायचं, "आहोत." एका जोडीचं एकच उत्तर. सगळ्या जोड्या बोलल्या की निघायचं. माणूस स्वतःला विसरतो, जोडीदाराला विसरत नाही, असं हे मोठ्या ऐटीत सांगायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

आमचीही जोडी होती. हे सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या शेवटी, रखडलेल्यांना चुचकारत. मध्ये अख्खा ग्रुप. यांना मी दिसायचे कुठून? पण आमच्या जोडीचं "आहोत" मात्र हेच म्हणायचे.

नियम वाईट आहे असं नाही. माणसं अजून त्याला यांच्या नावाने ओळखतात आणि मी मोडला असता तर गहजब झाला असता. जुळ्यांची जोडी झाली, डॉक्टर आणि प्राध्यापकांची झाली. सूचनापेटी आणि मिसेस यांची वेगळी पाडायची गरजच नव्हती. माझी जोडी कुणाशीच नाही.

२८ मार्च

व्हिसाच्या ऑफिसात दिवस गेला. सूचनापेटींचा फोटो परत आला, कारण ते फोटोत कान झाकून बसलेत. दोष माझा.

१२ एप्रिल

सरावाला सगळ्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. सूचनापेटी अर्ध्यावर बसले. बसले ते बसले, वर मला म्हणतात, "साहेबांचा वेग असा होता की चढ कळायचाच नाही." कळायचा नाही कारण तुमच्या पाठीवरची पिशवी मी घेतलेली असायची हो! बोलले नाही. एक तक्रार, आणि टेबल गेलं.

"जोड्या!" म्हटलं की सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. "आहोत!" बायकोकडे न बघता. ती आपली पाण्याची बाटली धरून उभी.

एक पाहिलं. मिसेसला धाप लागत नाही. त्यांच्यासाठी थांबते, ते आले की निघते, परत थांबते. ही बाई चढू शकते. चढत नाही एवढंच.

३० एप्रिल

सूनबाई टेबलाचं माप घ्यायला आल्या होत्या. टेप घेऊन! "सहजच हो काकू."

७ मे

पोचलो. विमानात सूचनापेटींना खिडकी मिळाली, मग खिडकीतून ऊन येतं म्हणून ती मिसेसला दिली, मग सूर्य बाजू बदलून गेल्यावर परत घेतली. हॉटेल साधं, स्वच्छ. नाश्ता मी स्वतः जाऊन हात लावून बघणार आहे, गरम आहे की नाही ते.

९ मे

संग्रहालय. तिथली मार्गदर्शक बाई चांगलं सांगत होती, पण दर वाक्याला सूचनापेटींची जोड. एका खोलीत एक मोठं चित्र होतं. समुद्राकडे पाठ करून बसलेली बाई, बस, इतकंच. मिसेस त्याच्यासमोर थांबली. ग्रुप पुढे गेला तरी थांबलेली. मी सवयीने शेवटी रेंगाळत होते, म्हणून मला दिसलं. वाटलं, बोलावं हिच्याशी. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज — "अगं, चल! काय त्यात?" आणि ती निघाली. मी चार पावलं मागे होते, काही बोललेच नाही. बोलून काय झालं असतं म्हणा.

दुपारी प्राध्यापकांनी जुन्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून भाषण ठोकलं. सगळे खूश. जुळ्यांपैकी मोठी येऊन म्हणाली, "छान चाललंय हं तुमचं." माझं मन इतकं कडू झालंय की त्यातही मला "तुमचं पण" असंच ऐकू आलं. पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१० मे

डोंगर सुरू! वाटाड्या भेटला. बुटका, हसरा, इंग्रजी चार शब्द, बाकी हातवारे. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सूचनापेटींकडे बोट करून मला विचारलं, "हा?" मी म्हटलं, हा. त्याने मान हलवली. भाषा लागलीच नाही.

तरी पहिला दिवस छान गेला. गवताळ उतार, खाली नदी. मी पुढे होते. पुढे चालताना समोर कुणाची पाठ नसते, नुसती वाट असते. एवढंच मला हवं असतं. कुणाला सांगावं तर हसतील, की एवढ्यासाठी ही बाई भाऊजींची बोलणी खाते!

११ मे

मुक्कामावर गरम पाणी गेलं. सूचनापेटींनी मला बोलावून नळ दाखवला. मी नळाकडे पाहिलं, नळाने माझ्याकडे. मिसेस म्हणाली, "राहू दे ना, एक दिवस." तिला उत्तर मिळालं नाही. मला मिळालं — "साहेब असते तर." मी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून पातेलंभर पाणी तापवून आणून दिलं. तक्रार नको.

१३ मे

काल लिहायला झालं नाही. आज लिहिते, नाहीतर उद्या लोक सांगतील तेच खरं वाटायला लागेल मला.

काल खिंडीचा दिवस. सगळ्यात मोठा चढ. लवकर निघालो. चढाच्या मध्यावर एक लाकडी खोली आहे, एक बाई तिथे गरम पेयं विकते. तिथे थांबलो. वाटाड्या सारखा आभाळाकडे बघत होता, "लवकर, लवकर". धुकं उतरायला लागलं होतं. मी बाहेर येऊन ओरडले, "जोड्या!"

जुळ्या बोलल्या. डॉक्टर बोलली. एकेक करत सगळे. आणि धुक्यातून एक बारीक आवाज — "आहोत."

मिसेसचा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, आज सूचनापेटींचा घसा बसला की काय. आणि मला आनंद झाला. हो, आनंद! वाटलं, बोलली एकदाची बाई. त्या आनंदात मी मान वळवून पाहिलंच नाही आणि चालू लागले.

सूचनापेटी तेव्हा त्या खोलीच्या मागे संडासात होते.

शेवटी डॉक्टर चालत होती. तिला वाटलं, ते दोघं पुढे असतील, उत्तर तर आलंच होतं. मिसेस धुक्यातून भराभर येऊन माझ्या मागोमाग चालायला लागली. मला वाटलं, तिच्या मागे तो असेलच. कधी नव्हता? वर खिंडीत पोचलो तेव्हा ढग थोडा वेळ फाटले आणि पलीकडची अख्खी दरी उघडी पडली. सगळे ओरडले. मिसेस कडेला जाऊन उभी राहिली. पाठीवर पिशवी नाही, ती तिने जमिनीवर उतरवून ठेवली होती. म्हणाली, "किती सुंदर आहे हो."

तेव्हा मी विचारलं, "तुमचे मिस्टर कुठेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "खाली."

"खाली म्हणजे?"

ती परत दरीकडे वळली.

मग काय झालं ते लिहायला नको वाटतं. वाटाड्या धावत खाली गेला. खोलीतली बाई म्हणाली, एक माणूस रागारागाने निघून गेला, तुमच्याच मागे. पण तो आमच्या मागे आलाच नव्हता. धुक्यात दुसऱ्याच वाटेला लागला होता. मी ग्रुपला प्राध्यापकांवर सोपवून खाली आले. ओरडून घसा गेला. शोधपथकाची माणसं आली, कुत्रं आलं. मी त्या लाकडी खोलीत बसले होते आणि मनात एकच — मेला तर? आणि लगेच दुसरं — तक्रार. हे दोन विचार एकामागोमाग आले. लाज वाटली मला.

दुपार सरता सरता सापडला. एका खडकाच्या आडोशाला बसलेला, घोटा सुजलेला, ओठ निळे. स्ट्रेचरवर घालून आणत होते तेव्हा मी जवळ गेले. डोळे उघडून म्हणाले, "साहेब असते तर हे झालं नसतं."

मी रडले. त्यांना वाटलं, काळजीने रडतेय.

१४ मे

इथल्या छोट्या इस्पितळात आहेत. घोट्याला बांधलंय, बाकी ठीक. ठीक म्हणजे इतके ठीक की नर्सला उशीची उंची समजावून सांगत होते.

सगळे भेटायला गेलो. माझा पंचनामा सगळ्यांसमोर झाला. पुढाऱ्याची जबाबदारी काय असते, शिस्त काय असते, आमच्या खात्यात असं झालं असतं तर काय झालं असतं. मी खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात मिसेस म्हणाली, "वहिनींची चूक नाही. मी म्हटलं होतं आहोत म्हणून."



"तू गप्प बस," सूचनापेटी म्हणाले. रागाने नाही, लहान मुलाला सांगावं तसं. "तुला काय कळतंय? कुणी हाक मारली की ओ देणारी बाई तू." मग माझ्याकडे वळून — "हिच्या शब्दावर विसंबून तुम्ही वीस माणसं घेऊन निघालात? हिच्या?"

तिला चूकसुद्धा करू देईना हा माणूस! मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी बोलेल. पण ती पलंगाजवळची चादर सारखी करायला लागली. मग मलाच तिचा पुन्हा संताप आला. तुझ्या एका सवयीने माझं घर बुडवलंस आणि आता चादरींच्या कसल्या घड्या घालतेस!

बाहेर आल्यावर डॉक्टरने माझा दंड धरला. म्हणाली, "मी शेवटी होते. मी पण बघायला हवं होतं." ग्रुपमधलं दुसरं कुणी एवढं म्हणालं नाही. जुळ्या टोप्या काढून, माना हलवत, आपसात कुजबुजत होत्या.

१५ मे

राहिलेली वाट बाकी सगळे चालले. उत्तम झाली.

१९ मे

परत. विमानतळावर सूचनापेटी चाकाच्या खुर्चीत, मिसेस ढकलतेय, मांडीवर दोन पिशव्या. जाताना त्यांनी मला हात जोडले. तो नमस्कार बघूनच कळलं काय येणार आहे ते.

२६ मे

आली. छापील, तीन पानी. भाऊजींनी मोठ्याने वाचून दाखवली, मधूनमधून चष्म्यावरून माझ्याकडे बघत. "कै. साहेबांनी घालून दिलेल्या जोडीच्या शिस्तीला सध्याच्या पुढाऱ्यांनी हरताळ फासला." मी! ज्या शिस्तीत मी अठ्ठावीस वर्षं शेवटी चालले ती! मी तर शिस्त पाळली हो. शिस्तच पाळली, म्हणून तर झालं.

खाली दोन सह्या. एक त्यांची, आणि खाली तिची. वळणदार, शाळकरी अक्षर.

तिनेही सही केली.

भाऊजी म्हणाले, "आता तुम्हीच सांगा वहिनी." मग कागदांची घडी घातली. "घाई नाही. सोमवारपर्यंत टेबल मोकळं करा. घरी आराम करा आता. खूप केलंत." दारापर्यंत सोडायला आले. इतकं अगत्य मला लग्न होऊन आले तेव्हाही मिळालं नव्हतं.

२८ मे

लेक म्हणाली, बरंच झालं. जाऊबाई म्हणाल्या, बरंच झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बरंच झालं. सगळ्यांचं बरं झालं.

१ जून

टेबल मोकळं केलं. खणात निघालं ते — सुईदोरा, कापसाच्या गुंडाळ्या, चार देशांची नाणी, लोकांनी सहलीनंतर पाठवलेले फोटो. शेकडो फोटो असतील. सगळ्यांत हे पुढे, कंबरेवर हात ठेवून. काहींत मागे एक ठिपका. तो मी.

आज उघड लिहिते. मला यांचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. पण येतो, काय करू? चांगला माणूस होता, कधी आवाज चढवला नाही. पण इतकी वर्षं एकदाही वळून पाहिलं नाही की मी अजून मागे आहे का. आणि गेल्यावर तरी सोडावं! तर आपली जागाही घेऊ देत नाही. लोकांच्या तोंडून रोज पुढे उभा राहतो.

फोटो पिशवीत भरले. सूनबाईंनी खिडकी पुसून घेतली.

४ जून

काही नाही. भाजी आणली.

५ जून

नवल म्हणजे भाऊजींचा राग येत नाही. सूचनापेटींचाही फारसा नाही. ते आहेत तसे आहेत. राग येतो तिचा. तिला माहीत होतं चूक कुणाची ते, आणि तिने सही केली. इस्पितळात एकदा तोंड उघडलं, गप्प केल्यावर गप्प बसली, आणि घरी येऊन पुढ्यात कागद आला की सही ठोकली. अशाच बायकांमुळे. पुढचं वाक्य लिहिता येत नाही, कारण त्यात मीही येते.

मला डोंगर आवडतात. इतकं साधं होतं सगळं.

८ जून

डॉक्टरचा फोन. "तुम्ही परत कधी निघणार?" सांगितलं, बंद झालं. ती म्हणाली, "वाईट झालं." बरं झालं म्हणाली नाही ती पहिलीच. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडून घेतलं.

१२ जून

सकाळी बेल वाजली. दारात मिसेस. एकटी. मी आत यासुद्धा म्हटलं नाही. इतके दिवस साठवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण तीच आधी बोलली.

"त्या दिवशी मी विसरले नव्हते. ते नाहीत हे मला दिसत होतं. तुम्ही विचारलंत, आणि मी मुद्दाम आहोत म्हटलं. एकदाच त्यांच्याशिवाय वर जायचं होतं."

मी म्हटलं, "आणि सही?"

"सही तर मी आयुष्यभर करतेच आहे. काल त्यांना खरं सांगितलं. त्यांचा विश्वासच बसत नाही. म्हणतात, हे तुला कुणी शिकवलं?" आणि — "तुमच्या दिरांकडे जाऊन सांगून आले. ते म्हणाले, आता उपयोग नाही. म्हणून इथे आले."

भांडायचं होतं मला. खरंच भांडायचं होतं. विचारलं ते भलतंच. म्हटलं, "डोंगराचे बूट आणलेत?"

"पायातच आहेत," म्हणाली.